घेणाऱ्याची सही

माझी सही चांगली आहे, हे विधान मी आत्मश्लाघेपोटी करीत नसून केवळ दप्तर सत्य राहावे म्हणून करीत आहे. महसूल खात्यात चौतीस वर्षे काढून अव्वल कारकून या पदावरून सेवानिवृत्त होईपर्यंत किती दाखले, किती नकला, किती नोटिसा आणि किती पंचनामे त्या सहीखालून गेले असतील याची मोजदाद कोणी केलेली नाही, आणि केली असती तर तो कागद आजपर्यंत कसरीने फस्त केला असता; परंतु आडनावाच्या अखेरच्या अक्षराला मी जो एक डौलदार फाटा देत असे तो पाहून एका तहसीलदारसाहेबांनी, "तुमची सही पाहिली की मोडी लिपी गेल्याचे दुःख वाटत नाही," असे उद्गार काढले होते. ते स्तुतीपर होते किंवा कसे, याचा निर्णय मी त्याच दिवशी माझ्या बाजूने देऊन प्रकरण निकाली काढले.

म्हणूनच, एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी (वय अदमासे सव्वीस) "काका, मानधन पाठवायचंय, फक्त नंबर द्या," असे मला सांगितले तेव्हा 'काका' या संबोधनाने मी दुखावलो नाही इतका 'फक्त' या अव्ययाने दुखावलो. फक्त नंबर! पावती नाही, महसुली तिकीट नाही, 'रोख भरून पावलो, तक्रार नाही' हा मजकूर नाही, आणि त्या मजकुराखाली अर्धी तिकिटावर व अर्धी कागदावर अशी पडणारी, माझ्या हातून निर्विवादपणे चांगली उतरलेली ती एकमेव ललितकृतीही नाही. मानधन पाचशे रुपये. त्यातल्या चारशे रुपयांचे सुख मला सही करण्यात मिळत असे, हे त्या मुलाला कोण सांगणार?

अकरावीतल्या नातवाने त्याच्या परीने माझे समाधान करण्याचा प्रयत्न केला. "आबा, तुमचा नंबर बँकेच्या खात्याला जोडलेला आहे. आता तोच तुमचा पत्ता. नाहीतर यूपीआय आयडी द्या, म्हणजे नंबर कुणाला कळायचा पण नाही." हा सल्ला सुज्ञ होता हे मला पुढे साडेपाच हजार रुपये मोजून कळले, परंतु त्या क्षणी मला त्यात निराळीच संधी दिसली. आपला पत्ता आपणच रचावयाचा असेल, तर साहित्यिकाच्या पत्त्यात त्याचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि शेवटी 'शेलूकर' हे ग्रामनिष्ठ बिरुद असावयास हवे, असा आग्रह मी धरला. देवनागरीत तो यंत्राला मानवेना म्हणून रोमन लिपीत उतरवला, तो छत्तीस अक्षरांचा झाला, आणि त्याच्या शेपटाला तो 'ॲट' नावाचा गुंडाळलेला प्राणी व त्यापुढे बँकेची आद्याक्षरे लागली. हा पत्ता मी स्टेशनाबाहेरच्या किराणा दुकानदाराला एकदाच सांगितला. माझ्यामागे आठ गिऱ्हाइके उभी राहिली, मुंबईहून आलेली कर्जत लोकल येऊन नेरळकडे निघूनही गेली, आणि दुकानदार म्हणाला, "काका, राहू द्या, सावकाश द्या पैसे." त्यानंतर मी मुकाट्याने नंबर देऊ लागलो.

या नंबराच्या मागे केवढा कारभार उभा आहे याची कल्पना मला नव्हती असे नाही. कारकुनाला कारभाराचे आकर्षण असतेच. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ही संस्था २००८ साली स्थापन झाली, २०१० च्या नोव्हेंबरात तिने मोबाइलच्या नंबरावरून तत्काळ पैसे धाडण्याची व्यवस्था सुरू केली, तेव्हा नंबराबरोबर बँकेने दिलेला आणखी एक सात आकडी संकेतांक सांगावा लागे, आणि ११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआय अवतरले तेव्हा तोही सुटला. खाते क्रमांक नको, अकरा अक्षरांचा आयएफएससी नको, शाखेचे नाव नको. जुन्या सराफीत हुंड्यांचे दर्शनी, मुदती असे प्रकार होते, त्यांतल्या 'शहाजोग' हुंडीचे पैसे पेठेत पत असलेल्या प्रतिष्ठित माणसाच्याच हाती पडत. भलत्याच्या हाती रक्कम जाऊ नये यासाठी आपल्या पूर्वजांनी शोधलेला तो बंदोबस्त होता. पुढे काय झाले कोण जाणे, मराठीत शहाजोग म्हणजे साळसूदपणाचा आव आणणारा लबाड असा अर्थ रूढ झाला. शब्द इतका बिघडेपर्यंत पेठेत किती शहाजोग येऊन गेले असतील, या विचारात मी एकदा अख्खी दुपार घालवली आहे. त्यानंतर काही महिन्यांनी एक माझ्याही घरी आला.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी संपून तुळशीची लग्ने लागली होती. भात कापून झालेले, खळ्यांवर झोडणी चाललेली, माथेरानच्या डोंगरावर सकाळचे धुके. अशा प्रसन्न वेळी फोन वाजला आणि एका मृदू, सुसंस्कृत पुरुषी आवाजाने माझे संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, यथास्थित उच्चारले. माझ्या वडिलांचे नाव माझ्या सख्ख्या व्याह्यांनाही आठवत नाही. "सर, आपला दिवाळी अंकातला लेख वाचला. डोळ्यांत पाणी आलं." आता तो लेख न्हाणीघराची मोरी तुंबण्याविषयीचा होता आणि विनोदी होता, त्यामुळे डोळ्यांत पाणी येण्याचे कारण मला क्षणभर उमगले नाही, पण थोर विनोदाच्या तळाशी कारुण्य असते असे समीक्षक म्हणतात, आणि त्या मोरीच्या तळाशी ते सापडणारा पहिला रसिक आज मला भेटत आहे अशी माझी खात्री पटली.

नाव त्याला कसे कळले, हे मला नातवाने नंतर दाखवले. आपला नंबर कोणीही आपल्या ॲपमध्ये टाकला की बँकेत नोंदलेले आपले नाव त्याच्या पडद्यावर उमटते. देणाऱ्याचे पैसे चुकून दुसऱ्याच्या खात्यात जाऊ नयेत म्हणून केलेली ही सोय आहे, आणि सोय म्हणून ती चोखच आहे. फक्त ज्याने नंबर चार ठिकाणी वाटलेला आहे, ज्याच्या प्रत्येक लेखाखाली 'प्रतिक्रियांसाठी संपर्क' म्हणून तो छापलेला आहे, आणि आपले नाव कोणी उच्चारले की जो विरघळतो, अशा माणसाच्या बाबतीत तिचा थोडा दुरुपयोग संभवतो.

तर त्या रसिकाने एका साहित्यविषयक प्रतिष्ठानाचे नाव सांगितले आणि त्या प्रतिष्ठानाने यंदाच्या उत्कृष्ट विनोदी लेखाचा साडेपाच हजारांचा पुरस्कार मला दिला असल्याचे जाहीर केले. "समारंभ?" मी विचारले. समारंभ पुढे होणार होता. रक्कम आधी द्यायची असा त्यांचा शिरस्ता होता. साहित्यक्षेत्रात रक्कम आधी आणि समारंभ नंतर हा क्रम मी आयुष्यात ऐकला नव्हता. एवढ्यावरूनच कोणाही जाणत्या लेखकाला संशय यावयास हवा होता, पण मला वाटले, काळ बदलत आहे. त्याने प्रथम खात्री म्हणून एक रुपया पाठवला. तो आला. एक रुपया हा शुभ असतो. पाकिटात वरचा म्हणून घालतात. मग त्याने व्हॉट्सॲपवर एक काळ्या चौकोनांची नक्षी धाडली, ती उघडण्याची रीत मोठ्या शांतपणे समजावून सांगितली, आणि पडद्यावर ५,५०० हा आकडा व खाली 'पिन टाका' अशी आज्ञा उमटली. "बक्षीस स्वीकारल्याची सही समजा, सर," तो म्हणाला.

सही! बोट उचलून मी पिनवर नेले. आणि ते तिथेच अधांतरी ठेवून वाचकांची मी थोडी रजा घेतो, कारण 'पिन' हा शब्द आला की माझे चित्त भलतीकडे जाते.

आमच्या लहानपणी शेलूचा पत्ता लिहिणे ही जोखमीची बाब होती. परभणी जिल्ह्यात एक सेलू आहे, वर्धा जिल्ह्यात दुसरे सेलू आहे, आणि आमचे शेलू हे त्या दोन्ही तालुक्याच्या गावांपुढे एखाद्या गरीब चुलतभावासारखे. माझे वडील रेल्वेत भुसावळला नोकरीस होते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांची मनीऑर्डर निघे. त्यांचे अक्षर माझ्या सहीच्या अगदी उलट होते. त्यांचा 'श' हा 'स' पासून वेगळा काढावयास हस्ताक्षरतज्ज्ञ लागला असता. परिणामी एका श्रावणात आमची मनीऑर्डर परभणीच्या सेलूला जाऊन, तेथील पाहुणचार घेऊन, नावावर तीन शिक्के आणि दोन शेरे मिरवीत गौरी-गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे आली. त्या मधल्या दिवसांत वाण्याने आईला उधार दिले नाही, हे मला त्या वेळी कळले नव्हते. मला फक्त त्या शिक्क्यांचे अप्रूप होते.

हा सारा घोळ पुढे ज्यांनी मिटवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर, हे आपले कोकणचे, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि त्याच वेळी संस्कृतात कविता व नाटके लिहिणारे पंडित. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सहा आकड्यांचा पिन कोड सुरू झाला तो त्यांच्या कर्तृत्वाने. देशाचे आठ प्रादेशिक विभाग आणि नववा सैन्याचा. पहिला आकडा विभागाचा, शेवटचे तीन टपाल कचेरीचे. आपल्याकडे सुरुवात चाराने. एका संस्कृत नाटककाराने अवघ्या देशाला अंकांत बांधून टाकावे याचे मला नेहमी नवल वाटते आणि थोडी असूयाही वाटते, कारण मीही सरकारी नोकरीत राहून साहित्यसेवा केली, पण माझ्या सेवेने शेलूचा एकही कागद परभणीहून परत आणला नाही. गंमत अशी की त्या पिनचे सारे सामर्थ्य तो सांगण्यात होते. पाकिटावर लिहा, मित्राला कळवा, लग्नपत्रिकेवर छापा. जितक्या जणांना ठाऊक तितके टपाल अचूक. १९७२ साली शिकलेला हा धडा माझ्या हाडीमासी असा भिनलेला आहे की पिन ही वस्तू काही स्वीकारण्यासाठी असते, पाठवण्यासाठी नव्हे, हे माझ्या बोटाला कोणी शिकवावे लागत नाही. आजचा पिन नेमका त्याच्या विरुद्ध स्वभावाचा. तो कोणालाही सांगावयाचा नाही, आणि मुख्य म्हणजे घेताना तो कधीही लागत नाही. तो लागतो आपल्या खिशातून पैसे बाहेर काढताना. एकाच नावाची ही दोन माणसे एकमेकांची वैरी आहेत, हे त्या यंत्रावर ठळक अक्षरांत लिहिण्यास काय हरकत होती?

पण मी आईचे सांगत होतो. मनीऑर्डर आली की पोस्टमनदादा ओटीवर बसून फॉर्म उलगडीत आणि शाईची डबी काढीत. आईला लिहितावाचता येत नव्हते. डाव्या अंगठ्याचा ठसा, त्याखाली 'निशाणी डावा अंगठा' अशी नोंद, आणि साक्षीला शेजारचे कोणीतरी, बहुधा तेच, ज्यांना मनीऑर्डर किती रुपयांची हे जाणून घ्यावयाचे असे. फॉर्मच्या खालचे कूपन पोस्टमनदादा फाडून देत. त्यावर वडिलांचा एकच ओळीचा मजकूर असे, आणि तो मला वाचून दाखवावा लागे: 'सर्व क्षेम. म्हैस विकू नये.' आई कूपन डब्यात ठेवी, पैसे दोनदा मोजी आणि मग दिवसभर तो शाईचा अंगठा पदराच्या टोकात लपवून वावरे. पाणवठ्यावर इतर बायकांना तो दिसू नये म्हणून ती त्या दिवशी उजव्या हाताने घागर धरी.

मी तिसरीत असताना तिने मला एक दिवस चुलीपाशी बसवून सांगितले, माझे नाव काढून दाखव. फक्त नाव. बाकीची अक्षरे तिला नको होती. सुपात तांदूळ पाखडायला घेतले की ते हलवून सारखे करी, बोटाने नावाची तीन आणि आडनावाची चार अक्षरे काढी आणि मोडून टाकी. पाखडणे आणि लिहिणे असे कित्येक आठवडे चालले होते. मग एका महिन्यात पोस्टमनदादांनी डबी उघडली तेव्हा ती म्हणाली, "टाक द्या, दादा." ते म्हणाले, "वहिनी, सही?" त्या सात अक्षरांना इतका वेळ लागला की त्यांचा चहा पिऊन झाला. त्या दिवशी तिने पैसे मोजले नाहीत. फॉर्म त्यांच्या पिशवीत जाईपर्यंत ती त्याच्याकडेच बघत राहिली.

हे इतके सगळे माझ्या बोटात होते. ते मी पिनवर दाबले.

आणि माझ्या पद्धतीने दाबले. शेवटच्या आकड्यावर तो एक डौलदार फाटा देऊन. पलीकडून आवाज आला, "अभिनंदन, सर! आपल्या नावे साडेपाच हजार पडले."

वाचकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे अशी विनंती आहे, कारण त्या माणसाने संपूर्ण संभाषणात उच्चारलेले हे एकमेव सत्य वाक्य होय. जमा आणि नावे! चौतीस वर्षे ज्याने जमाखर्चाच्या वह्या तपासल्या, 'नावे पडणे' म्हणजे रक्कम आपल्या अंगावर येणे हे ज्याने नव्याने लागलेल्या किमान बारा कारकुनांना खडसावून शिकवले, त्या माणसाने 'आपल्या नावे' हे शब्द ऐकून कृतज्ञतेने मान लववली. नाव हा शब्द आला की मला पुढचे ऐकू येत नाही, हा माझा जुना दोष आहे. बँकेचा संदेश आला, त्यात रक्कम वजा झाल्याचे स्पष्ट होते. तो मी रसिकाला वाचून दाखवला, तेव्हा तो किंचितही न डगमगता म्हणाला की व्यवहार उलटा बसला, पुन्हा एकदा तसेच करा, म्हणजे अकरा हजार एकदम परत येतील. आणि मी करणार होतो. साक्षीपुराव्यानिशी सांगतो, मी चष्मा पुसून पुन्हा बोट उचलले होते. मला माझ्या अनुभवाने वाचवले नाही, शिक्षणाने वाचवले नाही; फोनची बॅटरी संपली तिने वाचवले.

पुढचे दोन दिवस मी कोणाला काही बोललो नाही. इथे लेखाचा सूर थोडा बिघडतो, त्याला माझा इलाज नाही. साडेपाच हजार ही रक्कम माझ्या निवृत्तिवेतनाच्या मानाने बुडवणारी नव्हती. बुडत होते ते निराळेच काही. जेवताना सौभाग्यवतींनी "बरं नाही का?" म्हणून दोनदा विचारले, आणि मी पित्ताचे निमित्त सांगितले. रात्री जाग आली की तो मृदू आवाज माझे पूर्ण नाव उच्चारी. माझ्यासारखे किती वृद्ध गावोगावी असे पित्ताचे निमित्त सांगत असतील, असा विचार तेव्हा मनात आला आणि त्या विचाराने धीर येण्याऐवजी संताप आला. कारण चोराला सर्वांत मोठे साहाय्य ना यंत्राचे असते ना इंटरनेटचे; ते असते आमच्या मौनाचे. अशा वेळी १९३० हा नंबर तत्काळ फिरवावयाचा असतो, कारण आपले पैसे या खात्यातून त्या खात्यात आणि तिथून तिसऱ्यात पळत असताना वाटेत कुठेतरी गोठवले जाऊ शकतात. पण त्याला तासांचा हिशेब असतो. मी अठ्ठेचाळीस तास माझी अब्रू गोठवीत बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी मुलाने पासबुक पाहिले. तो रागावला नाही, याचे मला अधिक वाईट वाटले. त्याने १९३० फिरवला, पलीकडच्या मुलीने व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक विचारून घेतला, तक्रार नोंदली, आणि पैसे मात्र तोवर पुढल्या मुक्कामाला गेलेले होते. एका कचेरीत एका तरुणाने माझा अर्ज वाचून "शिक्षण किती, काका?" असे विचारले. दुसऱ्या एका काउंटरवर "पिन तुम्हीच टाकलात ना?" एवढा एकच प्रश्न तीन वेळा आला. प्रश्न नियमाला धरून होता. रिझर्व्ह बँकेचे जुलै २०१७ चे परिपत्रक मी त्यानंतर मिळवून वाचले आहे. दोष तिसऱ्याच कोणाचा असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर खातेदारावर बोजा नाही, पण निष्काळजीपणा त्याचा स्वतःचा असेल तर तक्रार नोंदेपर्यंतचे नुकसान त्याचेच. मसुदा चांगला आहे. माझ्या काळी असा मसुदा उतरवणाऱ्याला बढती मिळाली असती. फक्त निष्काळजीपणा आणि हौस यांत काही फरक करता येतो काय, याविषयी परिपत्रक मौन पाळते.

वातावरणात उपदेशाची मात्र वाण नव्हती. पुढे तर फोन लावला की आधी अमिताभ बच्चन यांच्या धीरगंभीर आवाजातली सावधगिरीची सूचना कानी पडू लागली, आणि मी ती नेहमी शेवटपर्यंत ऐके. मध्येच फोन ठेवणे मला त्यांच्यासमोर उठून जाण्यासारखे वाटे. पण मला खरे ज्ञान झाले ते शेलू स्टेशनाबाहेर. वैशाखाच्या अखेरीस रानातून शेवळे आणि पावसात टाकळा, कुरडू, भारंगी घेऊन ज्या ठाकर बाया तिथे बसतात, त्यांतल्या एका आजीच्या टोपलीपुढे ती काळ्या चौकोनांची नक्षी प्लॅस्टिकच्या पुठ्ठ्यात उभी केलेली असते आणि शेजारी बोलकी पेटी. शेवळाच्या दोन जुड्या घेऊन मी पैसे पाठवले. पेटी म्हणाली, 'चाळीस रुपये प्राप्त झाले.' 'प्राप्त'! माझ्याखेरीज असे मराठी बोलणारे पंचक्रोशीत कोणीतरी आहे हे ऐकून मला भरून आले, आणि बोलण्याच्या ओघात मी त्या आजीला माझी हकीकत सांगितली. घरच्यांना सांगायला मला दोन दिवस लागले होते. तिला सांगायला दोन मिनिटे लागली.

ती हसली नाही. शेवळाबरोबर काकड घालायला विसरू नका, नाहीतर घसा खाजेल, हे आधी सांगितले, आणि मग म्हणाली, "पैसं यायला कुठं काय दाबाया लागतं, बाबा? मी तर नुसती बसून असते. यायचं ते येतं." मोबाइलवरचे चित्र दाखवून 'बघ, पाठवले' म्हणणारे गिऱ्हाईक तिला मान्य नाही, पेटी बोलल्याशिवाय जुडी हलत नाही. "चित्र कुनीबी काढंल," ती म्हणाली. मी चौतीस वर्षे मूळ कागद आणि नक्कल यांतला भेद लोकांना समजावीत होतो.

टोरांटोला असलेली माझी भाची हे ऐकून म्हणाली, की तिकडे पैसे ई-मेलवरही पाठवतात; पाठवणारा एक प्रश्न घालतो आणि घेणाऱ्याने बरोबर उत्तर दिले की रक्कम खात्यात जाते. ती गणपतीत तिथल्या मराठी घरांना उकडीचे मोदक करून देते. एका गृहस्थांनी तिला पैसे पाठवताना प्रश्न घातला, 'मोदक कशाचे?' आणि त्याच पत्रात खाली लिहिले, 'उत्तर: तांदळाचे'. कुलूप आणि किल्ली एकाच पुडक्यात! तेव्हापासून तिने परस्पर खात्यात जमा करून घेण्याची व्यवस्था केली आहे, म्हणजे प्रश्नच उरत नाही. मला मात्र त्या प्रश्नोत्तराच्या पद्धतीचा मोह पडला. पैसे घेण्यापूर्वी तोंडी परीक्षा, आणि उत्तीर्ण झाल्यास रक्कम; यात घेणाऱ्याला काही करावयास मिळते, त्याची काही प्रतिष्ठा राहते. भाची म्हणाली, "मामा, तुला पैसे नकोच आहेत. तुला फक्त सही करायचीय." मुली परदेशी गेल्या की फटकळ होतात.

इकडे, १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसरीला यूपीआयवरून पैशाचा तगादा धाडण्याची सोयच बंद झाली आहे. 'मंजूर' म्हणून पिन टाकला की रक्कम जाणार, असले सापळे तेवढ्यापुरते मिटले. चौकोनी नक्षी शिल्लक आहे आणि रसिकही शिल्लक आहेत. मी नंबर छापणे थांबवले. नातवाने मला एक आखूड आयडी करून दिला आहे. त्यात माझे वडील नाहीत, शेलू नाही, आणि माझेही जेमतेम अर्धे नाव आहे. फोनला कुलूप घातले आहे. ते उघडण्यासाठी नातवाने माझा अंगठा पाच-सात वेळा काचेवर टेकवून घेतला; डावा, कारण उजव्या हातात माझी पिशवी असते. फोन उघडताना रोज मी तो टेकवतो. शाई लागत नाही, पण मी अजून तो नकळत धोतराला पुसतो.

परवा संपादकांचा संदेश आला, 'काका, मानधन केलंय.' मी ओटीवर बसलो, फोन समोर ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले. आजीच्या आज्ञेप्रमाणे नुसता बसून राहिलो. फोन वाजला, पाचशे रुपये प्राप्त झाले. झाले, म्हणजे खरोखरच झाले. मी काहीएक केले नव्हते. थोडा वेळ अंगणातल्या उन्हाकडे पाहिले. मग उठून कपाटातून कोरा कागद काढला, वर 'शेलू' आणि तारीख घातली, 'मानधनाचे रुपये पाचशे फक्त भरून पावलो, तक्रार नाही' असे लिहिले. पाच हजारांपर्यंतच्या पावतीला महसुली तिकीट लागत नाही हे मला पक्के ठाऊक आहे. तरी एक रुपयाचे तिकीट जिभेला लावून चिकटवले, आणि त्यावर अर्धी, कागदावर अर्धी अशी सही केली. फाटा चांगला आला. कागद आईच्या कूपनांच्या डब्यात ठेवून दिला.